रंगाच्या टेबलावरच्या बाई

"बाई, हा 'जी' नाहीये. 'एच' आहे."

धाकटी, म्हणजे या खोलीत सगळ्यांत शेवटी आलेली पोरगी, हे इतकं हळू बोलली, की शेजारच्या टेबलावरच्या दोघांना ऐकूसुद्धा गेलं नाही. बाईंना मात्र गेलं आणि त्यांच्या भुवया वर चढल्या. रंगाच्या खोलीत चिठ्ठी पेटीत पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम. आणि हा नियम या पोरीला शिकवला कुणी? तर बाईंनीच.

"वाटतंय की दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय."

"मग दिसतंय ते लिही. मला कशाला विचारतेस?"

"तुम्ही तो 'जी'च्या शेजारी ठेवलात म्हणून. माझी ही तिसरी चिठ्ठी आहे, बाई."

तिसरी चिठ्ठी म्हणजे काय, ते लॅबमधल्या शिपायालाही ठाऊक होतं. इथे प्रत्येक हिरा दोघांनी बघायचा, वेगवेगळा, आणि आपापला दर्जा चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. दुपारी साहेब पेटी उघडत. दोन चिठ्ठ्या जुळल्या तर प्रश्नच नाही. न जुळल्या आणि त्यांतली एक बाईंची असली, तरीही प्रश्न नाही, कारण बाईंचीच बरोबर धरायची. हा काही लिहिलेला नियम नव्हता. पण खोलीतल्या चौघांपैकी तिघांना बाईंनी घडवलं होतं, साहेबांनाही भिंग कसं धरायचं ते त्यांनीच दाखवलं होतं, तेव्हा कोण कशाला वाकड्यात शिरेल? महिन्यात तीनदा बाईंशी न जुळणारा माणूस रंगाच्या टेबलावरून उठायचा आणि वजनाच्या काट्यावर जाऊन बसायचा. धाकटीने या टेबलासाठी आठ वर्षं वाट पाहिली होती.

"चिठ्ठी टाक," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा कडक निघाला. धाकटीने 'एच' लिहिलं, घडी घातली आणि टाकली.

आता हे 'जी' आणि 'एच' काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. रंगाची पट्टी 'डी'पासून सुरू होते. 'डी' म्हणजे स्वच्छ पाणी. पुढच्या एकेका अक्षराला त्या पाण्यात पिवळेपणाचा एकेक कण पडत जातो. तुमच्या-आमच्यासारख्याला 'जी' आणि 'एच' शेजारी ठेवून दाखवले तर आपण म्हणू, अहो, हे तर जुळे भाऊ. पण हिरा पालथा घालायचा, पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवायचा, त्यावर हलकेच श्वास सोडायचा, म्हणजे चमक क्षणभर मरते आणि पोटातला खरा रंग दिसतो. तेवढ्या क्षणात नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून बघायचं. वाफ उडाली की संधी गेली. पुन्हा श्वास, पुन्हा नजर.

बाई हे काम चौतीस वर्षं करत होत्या. त्या लागल्या तेव्हा लॅब म्हणजे एक जिना, दोन खोल्या आणि उत्तरेकडची एक मोठी खिडकी. दिवे वगैरे नंतर आले. तेव्हा सकाळी दहा ते दोन, खिडकीतून येणाऱ्या उजेडातच रंग बघायचा, आणि ढग आले की सगळ्यांनी हात पुसून गप्पा मारायच्या. त्यांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना सगळे 'आजोबा' म्हणत. आजोबांनी पहिला महिनाभर बाईंना हिऱ्याला हातच लावू दिला नाही. नुसते कागद दाखवले. दहा प्रकारचे पांढरे कागद. "आधी पांढरं शीक," म्हणायचे, "पिवळं आपोआप कळेल." तेव्हाच्या पोरसवदा बाईंना वाटायचं, म्हातारा आपल्याला बनवतोय. मग एक दिवस त्यांना दहाही कागद वेगळे दिसले. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरच्या प्रत्येक भिंतीचा, प्रत्येक सदऱ्याचा पांढरा त्यांना वेगळा दिसत होता, आणि आनंदाने त्यांना काय करावं ते सुचेना.

लग्नही या कामानेच जुळवलं. एका कारागिराने पैलू पाडलेला हिरा त्यांच्यापुढे आला. वजन राखायच्या लोभाने त्याने हिऱ्याचं पोट खोल ठेवलं होतं. असा हिरा वरून आलेला उजेड परत देत नाही, खालून सांडून टाकतो, आणि मधोमध काळोखी दिसते. बाईंनी 'कट', म्हणजे घडणीच्या रकान्यात लिहिलं, 'साधारण'. दुसऱ्या दिवशी एक तरुण दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. "कोण आहेत त्या बाई? मी दहा वर्षं चाकावर बसतोय." बाईंनी भिंग त्याच्या हातात दिलं. तो बघत राहिला, मग खाली गेला आणि मालकाची बोलणी खाऊन हिरा पुन्हा घासून आणला. वजन घटलं होतं, पण उजेड जागच्या जागी फिरत होता. बाईंनी 'उत्तम' लिहिलं. पुढे महिनाभर त्या तरुणाला लॅबमध्ये काही ना काही काम निघतच राहिलं.

तर अशा या बाई. त्या दुपारी साहेबांनी पेटी उघडली आणि धाकटीला केबिनमध्ये बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा रडली नव्हती. तिने आपला चिमटा पुसला आणि डबीत ठेवला. "उद्यापासून वजनाला," एवढंच म्हणाली. बाईंनी मान हलवली, पण घरी जाईपर्यंत त्या तिन्ही चिठ्ठ्या मनात ताडून बघत होत्या. पोरगी चुकते हे त्यांना पटत नव्हतं. स्वतःच्या हाताने शिकवलेली, एकदाही घाईने चिठ्ठी न टाकणारी पोरगी. आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला, बाईंपेक्षा एक अक्षर खाली. चुकणारा माणूस कधी वर चुकतो, कधी खाली.

घरी कारागीर चहा करत होते. निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं आणि साखर जास्तच पडत होती. बाईंनी वाळलेले कपडे आत आणले, उशांना अभ्रे चढवले आणि खुर्चीत टेकल्या. कारागिरांनी चहा ठेवला, पलंगाकडे पाहिलं, एका उशीचा अभ्रा काढला आणि कपाटातून दुसरा घेऊन चढवला. हे सगळं त्यांनी इतकं सहज केलं, की नेहमीचंच काम असावं.

"त्याला काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चहा घे."

"धुतलेला आहे तो."

"हो ना. धुतलेलाच आहे." कारागीर जरा घुटमळले. "जोडी नव्हती, म्हणून बदलला. एक पांढरा होता, एक सायीच्या रंगाचा."

बाई उठल्या. दोन्ही अभ्रे घेऊन खिडकीशी गेल्या. मग गॅलरीत गेल्या. उन्हं अजून होती. त्यांनी ते शेजारी शेजारी धरले, दूर धरले, एकावर एक ठेवले. दोन्ही पांढरे होते. एकसारखे पांढरे.

"कधीपासून?" आत न बघताच त्यांनी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून असेल. आधी वाटलं, घाईत झालं असेल. मग भाचीच्या लग्नात तू मला तो पिवळट शर्ट पांढरा म्हणून काढून दिलास."

"आणि तुम्ही तो घातलात?"

"घातला. चांगला दिसत होतो मी."

"चेष्टा नको. बोलला का नाहीत?"

"तुझ्या नजरेशी एकदा भांडायला आलो होतो," कारागीर म्हणाले. "तेव्हापासून कानाला खडा लावलाय." मग ते जवळ आले. "हिंमत झाली नाही गं. वाटलं, तुला सांगितलं की तुझं सगळंच काढून घेतल्यासारखं होईल."

बाईंना त्यांचा राग आला आणि मग स्वतःचाच आला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या हिऱ्यातला पिवळा कण शोधला आणि स्वतःच्या डोळ्यात तो साचत गेला तेव्हा पत्ता लागला नाही. पण लागणार कसा? डोळा एका रात्रीत पिवळा होत नाही. रोजचं पांढरं रोज पांढरंच वाटतं. त्यांना आजोबा आठवले. एका दुपारी, ऐन कामात, आजोबांनी चिमटा खाली ठेवला होता. "आता पुरे," म्हणाले आणि टोपी घालून जिना उतरले, ते परत आलेच नाहीत. सगळे म्हणाले, म्हातारा ताठ, कशावरून तरी बिनसलं असेल. बाईही तेच म्हणाल्या होत्या. आजोबांनी त्या दुपारी काय पाहिलं, किंवा काय पाहिलं नाही, ते त्यांना आज गॅलरीत उभं राहून कळलं. त्यांना भीती वाटली. गेल्या वर्षभरात किती चिठ्ठ्या आपण लिहिल्या, याचा त्यांना अंदाजही करवेना.

सकाळी लॅबमध्ये काम सुरू होण्याआधीची एक पद्धत होती. साहेब नमुन्याचे पाच हिरे मिसळून देत आणि प्रत्येकाने ते रंगाच्या क्रमाने लावून दाखवायचे. हिऱ्यांच्या कडेला बारीक नंबर कोरलेले असत. ते भिंगातून वाचून साहेब ताळा बघत. क्रम बरोबर आला की दिवसाचं काम हाती मिळे. बाईंना यातून सूट होती. किती वर्षांपासून, ते कुणालाच आठवत नव्हतं. सोनाराने कान टोचायचे, पण सोनाराचे कोण टोचणार?

दुसऱ्या दिवशी दोघांचं लावून झालं आणि बाई पुढे सरकल्या. "मला द्या."

"बाई, कशाला उगाच?" साहेब हसले. शेजारच्या टेबलावरचे दोघेही हसले. वजनाच्या काट्याकडे निघालेली धाकटी दारात थांबली.

"द्या हो. बघू तरी येतंय का."

बाईंनी कागदाची घडी केली, पाचही हिरे पालथे ठेवले, दिवा ओढून घेतला. श्वास सोडला. नजर. पुन्हा श्वास. टोकाचे दोन पटकन लागले. मधल्या तिघांवर त्या थांबल्या. आजोबा म्हणायचे, नजर अडली की खिडकीबाहेर बघावं, मग परत यावं. आता खिडकी नव्हती. बाईंनी समोरच्या भिंतीकडे बघितलं, परत आल्या आणि क्रम लावला.

साहेबांनी भिंग लावलं. एक, दोन, मग ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "घाई झाली असेल," ते म्हणाले. "परत लावा."

त्यांनी हिरे मिसळून दिले. बाईंनी परत लावले. या वेळी वेळ घेऊन. साहेबांनी वाचलं आणि भिंग खाली ठेवलं.

"कुठले दोन उलटे आहेत?" बाईंनी विचारलं. "'जी' आणि 'एच'च ना?"

"हो."

"मग तिसऱ्यांदा नको. कालची आणि त्याआधीच्या दोन चिठ्ठ्या काढा. ही पोरगी तिन्ही वेळा बरोबर होती. हिला वजनाला पाठवू नका."

"बरं," साहेब म्हणाले. "तो विषय संपला. तुम्ही डोळे दाखवून घ्या. मोतीबिंदू असेल, ऑपरेशन करा. महिन्याभरात पुन्हा येऊन बसा. बाहेर बोलायची गरज नाही."

"येईन की. आले तर रोज सकाळी पाचही लावीन, सगळ्यांबरोबर. पण गेल्या वर्षभरात माझ्या एकटीच्या शब्दावर गेलेले हिरे परत मागवा. सगळे."

साहेब खुर्चीत बसले. "बाई, लोकांना काय सांगू मी? चौतीस वर्षांचं नाव आहे तुमचं. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. सांगा, बाईंचे डोळे पिकले आणि बाईंना कळलं नाही. खरं आहे ते." त्यांचा आवाज कापला. तो त्यांनी कापू दिला. "प्रमाणपत्रावर सही माझी आहे, साहेब. कुणीतरी तो कागद खरा धरून हिरा आपल्या माणसाच्या बोटात घातला असेल."

मग साहेब उठले आणि वर्षभराच्या नोंदी आणायला कपाटाकडे गेले. बाईंनी दिव्यासमोरची आपली खुर्ची मागे घेतली आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या. धाकटी मात्र उभीच राहिली.

"बस ना," बाई म्हणाल्या. "हिऱ्याला पाय फुटून तो तुझ्याकडे येणार आहे का?"

धाकटी बसली. कालचाच हिरा घडीत ठेवला, श्वास सोडला, बघितलं. मग सवयीने तो बाईंकडे सरकवला. "तुम्ही एकदा बघा ना, बाई."

"मला सगळे सारखेच दिसतात गं," बाई म्हणाल्या. "तू सांग. मी लिहिते."

धाकटीने डोळे पुसले, पुन्हा श्वास सोडला आणि वाफ उडेपर्यंत नजर हलवली नाही. "'एच'," ती म्हणाली. बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात 'एच' लिहिलं, आणि सहीची जागा मोकळी ठेवून चिठ्ठी तिच्यापुढे केली.