मंडळाचा दात

मुस्तकीमचा दात बसला. फुटाणे फोडण्याइतका पक्का बसला. पण ही बातमी तुमच्यापर्यंत आलीच नाही असं धरू, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा मुस्तकीमच्या तोंडात तिथं नुसती खिडकी होती आणि उन्हाळ्याची लग्नसराई चार-पाच महिन्यांवर आली होती.

युसूफ वडगाव या गावच्या बँडमध्ये मुस्तकीम क्लॅरोनेट वाजवायचा. क्लॅरोनेटची चोच वरच्या पुढच्या दातांना टेकते. त्यातलाच एक दात ट्रॉलीतला ऊस सोलताना गेला. तो उसासकट थेट कारखान्यावर पोचला, म्हणजे यंदा कुणाच्या तरी चहात पडला असणार. मग त्यानं काढघालीचा दात लावून पाहिला. एका वरातीत वरच्या सुराला तो उडाला आणि नवरदेवाच्या फेट्यात जाऊन बसला. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. बँडमास्तरनं मात्र दुसरा वाजवणारा शोधायला घेतला.

केजच्या दातांच्या डॉक्टर स्वप्ना मॅडमनी इम्प्लांट सुचवलं. हाडात स्क्रू बसवायचा, वर दात. पस्तीस हजार. बत्तीसच्या बत्तीस दातांचे का, असं मुस्तकीमनं विचारलं. एकाचे, म्हणाल्या मॅडम. घरी त्याच्या बायकोनं, शाईस्तानं, हिशेब घातला आणि नवऱ्याच्या उरलेल्या दातांकडं लग्नानंतर पहिल्यांदाच आदरानं पाहिलं. दहा लाखांचा ऐवज घरात होता आणि मोडायची सोय नव्हती.

पहिल्या धावून आल्या सुंदरबाई. त्यांच्या नातीच्या लग्नात मुस्तकीमनं सुपारीचा एक पैसा घेतला नव्हता. मग गणेश मंडळाचा अध्यक्ष अंगद उठला. विसर्जनाला दरवर्षी मुस्तकीमच पुढं असायचा. खिडकीतून हवा गेली तर गणपतीला निरोप कोण देणार? वर्गणी सुरू झाली. नवं पावतीपुस्तक छापायचा खर्च कशाला करायचा म्हणून गणपतीच्याच उरलेल्या पुस्तकातून पावत्या फाडल्या. आठवड्यात पैसे जमले. मुस्तकीम तोंडावर रुमाल धरून रडला.

दात बसला. लगेच वडवणीच्या लग्नाची सुपारीही आली. तेवढ्यात मंडळाचा वार्षिक हिशेब झाला. पावत्या मंडळाच्या, म्हणून वस्तूही मंडळाची. यादीत लागलं: ढोल बारा, ताडपत्र्या दोन, दात एक.

अंगद घरी आला तेव्हा त्याला शाईस्ताचा चहा गोड लागेना.

"मुस्तकीमभाई, गावात लई वाजवा. पण मंडळाचं सामान गावाबाहेर न्यायचं म्हणलं की घोळ हाय."

"मग सामान काढून ठिवून जाऊ का?"

"काढघालीचा असता तर चाललं असतं. ह्यो हाडात बसलाय. स्थावर झाला. त्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागती."

मुस्तकीमनं क्लॅरोनेट पेटीत ठेवलं. वडवणीला हा गेला नाही तर बँडमास्तरचा दुसरा माणूस कायम होणार, हे अंगदलाही ठाऊक होतं. त्याला फार वाईट वाटलं. इतकं, की त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज लिहून दिला:

"…तरी मौजे युसूफ वडगाव येथील, पूर्वेस ओठ, पश्चिमेस जीभ, दक्षिणोत्तर अर्जदाराचे खाजगी दात अशी चतुःसीमा असलेली सदर मिळकत मंडळाच्या दप्तरातून कमी करून अर्जदाराच्या तोंडी कायम करावी, व निर्णय होईपर्यंत सदर मिळकतीस वडवणी येथील लग्नात एक दिवस हजर राहण्याची मुभा द्यावी, ही नम्र विनंती."