माझं अ‍ॅव्हरेज आणि कवडूचं इमान

मी एक जीप बोलतेय. भंगारवाल्याच्या आवारात, कडुलिंबाखाली, चार विटांवर टेकून बसलेली. चाकं गेली, दिवे गेले, बोनेटवर कोंबड्या चढतात. या वयात कोणाची तक्रार करू नये म्हणतात. मी करणार आहे. कारण माझ्यापायी एक माणूस चोर ठरला आणि मला तोंड नव्हतं.

माझी पहिली वर्षं लष्करात गेली. बासष्ट साली लिलावात मला वामनरावांनी घेतलं. वामनराव लाकडाचे व्यापारी. नागपूरच्या महाल भागात त्यांचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार होती आणि घर सक्करदऱ्याला. सागाच्या लिलावासाठी जंगलात जायला त्यांना दणकट गाडी हवी होती. पण घरी आले त्या दिवसापासून मी सगळ्या घराचीच झाले. लग्नाला मी, दवाखान्यात मी, त्यांच्या पत्नी पुष्पलताबाईंच्या माहेरी काटोलला जायलाही मीच.

मला चालवायला कवडू होता. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. त्याला अंक धड वाचता येत नसत, म्हणून मीटर पाहायचं काम साहेबांचं, म्हणजे वामनरावांचं. पण माझ्या इंजिनाचा आवाज त्याला आईला लेकराचं रडणं कळावं तसा कळे. दर रविवारी तो माझे प्लग काढून घासायचा, चाकांतली हवा तपासायचा. गिअर असा टाकायचा की मलासुद्धा पत्ता लागू नये. त्याच्या हाताखाली मी लिटरला नऊ किलोमीटर द्यायची. माझ्यासारख्या खादाड जीपला हे फार झालं. साहेब टालावर बसून चारचौघांत सांगायचे, "आपली जीप नऊ देते, नऊ!" ते ऐकून कवडूची मान ताठ व्हायची आणि खरं सांगते, माझीही.

मग चौऱ्याहत्तर साल उजाडलं आणि पेट्रोलचे भाव असे भडकले की साहेबांची झोपच उडाली. नऊ आता त्यांना पुरेना. घरात रोज नवा कायदा निघू लागला. उतार लागला की इंजिन बंद. हॉर्न वाजवायचा नाही, त्यानंही पेट्रोल जळतं म्हणे! मागची एक सीट काढून माळ्यावर टाकली. साहेबांच्या काकू अंजनाबाई अंगानं भारी, त्यांना तर साहेबांनी तोंडावर सांगितलं, "काकू, तुम्ही यस्टीनं या." काकूंनी त्या दिवसापासून माझ्यात पाय ठेवला नाही. कवडू बिचारा यातलं सगळं निमूट पाळायचा आणि अर्धा-पाऊण किलोमीटर वाढवूनही दाखवायचा.

तरी साहेबांचं समाधान होईना. तेव्हा मदतीला धावून आले गिरिधर, पुष्पलताबाईंचे भाऊ. त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. कोणत्याशा लिलावातून त्यांनी मोठ्या गाडीचे चार टायर आणले.

"भाऊजी, साधा हिशेब आहे," ते म्हणाले. "चाक मोठं, तर एका फेरीत रस्ता जास्त. फेऱ्या कमी, तर पेट्रोल कमी."

साहेबांना ते पटलं. दसऱ्याला माझी पूजा झाली, गळ्यात झेंडूचा हार पडला आणि पायांत ती जाडजूड चाकं आली. कवडूनं एकदाच विचारलं, "साहेब, जड नाही होणार इले?" गिरिधर हसले, "तू गाडी चालव गा. डोकं आम्ही चालवतो."

इथं सगळं नासलं. मी किती चालले हे माझं मीटर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजतं. पोराची सायकल दहा फेऱ्या घेईल तिथं बापाची आठ घेते, रस्ता तोच. चाकं मोठी झाली, फेऱ्या कमी झाल्या आणि मीटर साठ किलोमीटरला चोपन्न म्हणू लागलं. शिवाय ती चाकं ओढताना मला दम लागे, पेट्रोलही खरंच थोडं जास्त जाई. साहेबांनी मीटर पाहिलं, भागाकार केला. उत्तर आलं साडेसात.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण साहेबांचा संशय चाकांवर गेला नाही. तो गेला कवडूवर.

पेट्रोल पंपावर, सगळ्यांसमोर, साहेब म्हणाले, "कवडू, पेट्रोल कुठं जाऊन राहिलं?"

कवडूला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्यानं माझ्या बोनेटवर हात ठेवला. "साहेब, बारा वर्षं झाले मले. या गाडीतला थेंब बाहेर काढला असन तर हा हात झडून जाईन."

"मग मीटर खोटं बोलते का?"

"मीटराचं मले नाही समजत, साहेब. ते तुम्हीच पाहता."

मी ओरडत होते, हो, खोटं बोलतं, माझंच मीटर खोटं बोलतं! पण जीपचं ओरडणं म्हणजे इंजिनाची घरघर. ती कोणाला कळणार? एका कवडूला कळायची, तर तोच आरोपी होता.

मग परीक्षा ठरली. टाकी काठोकाठ भरली, झाकणाला कुलूप लावलं, किल्ली गिरिधरांच्या खिशात आणि गिरिधर कवडूशेजारी. उमरेडकडच्या जंगलात, खाचखळग्यांच्या वाटांनी दिवसभर फिरलो. त्या दिवशी कवडूनं मला फुलासारखं चालवलं. मीही जीव तोडून चालले. परत आल्यावर साहेबांनी मीटर पाहिलं, पुन्हा टाकी भरून पाहिली. सव्वासात.

"मी उमरेडले चहा प्यायला उतरलो होतो, तेवढ्यात नळी लावली असन यानं," गिरिधर म्हणाले. "यांना झाकण कायले लागते?"

कवडूनं गिरिधरांकडे पाहिलंही नाही. तो साहेबांकडे पाहत होता. साहेब म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजले तू. किल्ली ठेव अन् जा."

त्यानं किल्ली ठेवली. वाकून नमस्कार केला. जाताना सवयीनं माझ्या काचेवरची धूळ खांद्यावरच्या फडक्यानं पुसली आणि गेला.

पुढचा उन्हाळा. साहेब मला स्वतः चालवत काटोलला निघाले, शेजारी पुष्पलताबाई. त्यांना मोजायची सवय. भाताला वैरलेल्या मुठी मोजतील, जिन्याच्या पायऱ्या मोजतील. त्या दिवशी त्या रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत होत्या. काटोलच्या वेशीवर त्यांनी मीटरकडे पाहिलं.

"अहो, दगड साठ झाले. मीटर काहून चोपन्न दाखवून राहिलं?"

साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते उतरले, माझ्या चाकापाशी उकिडवे बसले, त्याच्या उंचीवरून हात फिरवत राहिले. हुशार माणूस. त्यांना समजलं. मला वाटलं, सुटला माझा कवडू! आता गाडी वळणार आणि थेट त्याच्या दारात उभी राहणार.

"त्यानं नाही काही केलं," पुष्पलताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्याले बोलवा."

साहेब हातांची धूळ झटकत उठले. मग म्हणाले, "अख्ख्या महालाले सांगून बसलो मी. आता कोणत्या तोंडानं बोलावू? गाडीतली गोष्ट गाडीतच राहू दे."

परत आल्यावर त्यांनी जुनी चाकं बसवून घेतली आणि मीटरची तार काढून टाकली. साक्षीदाराची जीभच कापली म्हणा ना. त्याच हातांनी दर दसऱ्याला मला कुंकू लावलं होतं.

कवडूला नागपुरात कोणी गाडीवर ठेवलं नाही. पेट्रोलचोर म्हणून एकदा नाव झाल्यावर कोण ठेवणार? तो सीताबर्डीवर सायकलरिक्षा ओढू लागला. एकदा व्हरायटी चौकात आम्ही समोरासमोर आलो. त्यानं साहेबांना नमस्कार केला. साहेबांनी मान फिरवून समोरच्या दुकानाची पाटी वाचायला घेतली.

एकोणऐंशीत मला विकलं. गिऱ्हाइकानं विचारलं, "अ‍ॅव्हरेज कितीचं देते?"

"नऊ द्यायची," साहेब म्हणाले. "मधात एक ड्रायव्हर चोर निघाला, त्यानं गाडीचं नाव खराब केलं."

पुष्पलताबाई दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. आणि मी, जिनं या घराची लग्नं आणि दुखणी वाहिली, मला त्या अंगणात आणखी एक क्षण थांबवेना.

पुढे माझं इंजिन काढून डिझेलचं बसवलं, मालक बदलत गेले, आणि आता हे आवार. कवडूनं मला इथं शोधून काढलं. दुपारी रिक्षा सावलीत लावून तो माझ्या मोडक्या सीटवर बसतो, भाकर खातो. केस पांढरे झालेत. बोलतो माझ्याशीच.

"साहेब मनाचा वाईट नाही वं," तो परवा म्हणाला. "त्याईले ठाऊक नाही, म्हणून तसं झालं. एक ना एक दिवस समजन त्याईले. मंग स्वतः येतीन पाहाय माह्याकडे."

लोकहो, माझं दुसरं काही मागणं नाही. सीताबर्डीवर पांढऱ्या केसांचा, बारीक अंगाचा कवडू भेटला तर त्याच्या रिक्षात बसा. आणि उतरताना त्याला सांगा, वाट पाहू नकोस बाबा. साहेबांना कळून तेरा वर्षं झाली.