बारा मीटरपाशी

भूवैज्ञानिक भार्गवीने पेटीतली दगडाची कांडी उचलली, फिरवून पाहिली आणि परत जागेवर ठेवली. बोअरमधून निघालेल्या काळ्या दगडाच्या कांड्या खोलीप्रमाणे ओळीने लावलेल्या होत्या. बारा मीटरपाशी मात्र वीतभर जागा रिकामी होती.

कोयनानगरजवळच्या या उतारावर वस्तीसाठी पाण्याची टाकी व्हायची होती. खाली मऊ मातीचा थर निघाला, तर भरलेली टाकी घसरण्याची भीती. जमिनीत वीज सोडून केलेल्या मोजणीत बारा मीटरवर काहीतरी वेगळं दिसलं होतं. पण ओला, भेगाळलेला दगड काय आणि माती काय, आकडे सारखेच येतात. म्हणून तर बोअर घेतला होता.

"मातीच असेल, मशीनच्या पाण्यात वाहून गेली," ती म्हणाली. "किंवा भेगाळलेल्या दगडाचा चुरा झाला असेल."

"मशीन उद्या लोणंदला चाललंय," इंजिनिअर सुमंत म्हणाला. "टाकी इथे की नाही, एवढं सांग."

पेट्यांची राखण करणारी चंद्राबाई जवळच उभी होती. टाकी झाली की तिचं ओढ्यावरून पाणी वाहणं सुटणार होतं.

"बाई, इथे काही होतं का?" रिकाम्या जागेवर बोट ठेवत भार्गवीने विचारलं.

"न्हाई वो. मशीन खातंय म्हनं दगूड बी. डायवर म्हनत व्हता."

"घ्या," सुमंत हसला. "तुझं शास्त्र पाठ झालं त्यांना."

चंद्राबाईने दोघांना चहाला नेलं. घर उताराच्या पायथ्याशीच होतं. दारात वाकून भार्गवीने उंबऱ्याला बोट लावलं. बोट लाल झालं.

"छान रंग आहे. गेरू कुठला?"

"बाजारातला." चंद्राबाई स्टोव्हला पंप मारत राहिली. मग थांबली. "ताई, टाकी घसरती म्हंजी कुनीकडं घसरती?"

भार्गवीने दारातून वर, टाकीच्या चुन्याच्या खुणेकडे पाहिलं.

चहा तसाच राहिला. चंद्राबाई आत गेली, वाटी घेऊन आली आणि दोघांच्या पुढे उतार चढू लागली. पेटीपाशी बसून तिने वाटीतला लाल मातीचा गोळा रिकाम्या जागेत ठेवला.

"एवढीच उरलीया."

गोळ्याने निम्मी जागाही भरली नव्हती.

"मग थर केवढा धरायचा?" सुमंतने विचारलं.

भार्गवी गोळ्याकडे पाहत राहिली. चंद्राबाई खाली, आपल्या दाराकडे.