शहर गप्प होतं तेव्हा

अंतराळवीर गेला की शहरातली झाडून सगळी प्रक्षेपणं थोडा वेळ बंद ठेवायची, असा रिवाज होता. रेडिओ, फोन, रस्त्यावरचे बोलके फलक, सगळ्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. मेलेल्याला तेवढाच मान. जिवंतपणी कुणी कुणासाठी गप्प बसत नाही, ते सोडा.

धाकट्याचं यान चंद्रावर उतरताना कोसळलं आणि मुकं झालं. त्याची थोरली बहीण संदेश केंद्रात कामाला. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं. सगळ्यांनी आशा सोडली तरी ती रोज माइकवरून त्याला हाका मारत राहिली. हा पठ्ठ्या कुठे कधी वेळेवर पोचलाय, मरणालाही उशिराच जाईल, असं ती केंद्राच्या साहेबांना म्हणाली. साहेबांनी मान डोलावली आणि शोकसभा ठरवून टाकली.

त्या दुपारी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. साहेब संदेश पाठवायच्या प्रक्षेपकाला कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून व्यासपीठावर गेले. ती केंद्रातच थांबली. ऐकायचं यंत्र तेवढं चालू होतं. ते बंद करा असं रिवाजात नव्हतं.

भोंगा वाजला. शहराचा गोंगाट कानातून ओसरला, आणि त्याच्या तळाशी धाकट्याचा आवाज होता, अगदी बारीक.

"ताई, थांबलीस का गं? रोज तुझा आवाज येत होता."

ती माइकवर ओरडत सुटली. माइक मेलेला. फोन उचलला, तोही शोक पाळत होता. तिनं खुर्ची उचलून कुलपावर घातली, पुन्हा पुन्हा घातली. कुलूप सरकारी होतं, हललं नाही.

"हवा संपत आलीय," तो म्हणाला. "बरं, राहू दे. झोपली असशील."

पुन्हा भोंगा झाला आणि शहराला कंठ फुटला. भाषणं, गाणी, जयजयकार. त्याच्याच गौरवात त्याचा आवाज बुडाला.

साहेब परतले तेव्हा तिनं त्यांचे पाय धरले. पुन्हा एकदा शहर गप्प करा, एवढंच मागत होती. साहेबांनी ऐकायच्या यंत्रातलं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. त्यांच्या कानाला नुसती खरखर. माणूस वाईट नव्हता, त्यांचेही डोळे भरले होते.

"दुःखात असं ऐकू येतं," ते म्हणाले. "आता शांतता वर्षदिनाला. तेव्हाचा भोंगा तुम्हीच वाजवा."

किल्ली ठेवून ते गेले. तिनं कुलूप उघडलं.

"झोपले नव्हते रे," ती माइकमध्ये म्हणाली, आणि कान देऊन बसली. कानात सगळं शहर त्याच्यासाठी रडत होतं.