अंग गार होईपर्यंत

नेरेइदाने ओव्हनचं दार उघडलं आणि संत्र्याचा असा घमघमाट सुटला की शेजारची फेला न विचारताच आत आली. नेमकी तेव्हाच युदेल्का पावसातून धावत आली. युदेल्का म्हणजे नेरेइदाच्या थोरल्या बहिणीची, ओबदूलियाची लेक. चिंब भिजलेली. दारातूनच म्हणाली, "मावशी, चल. आई तुझं नाव घेतेय."

आता हा केक ओबदूलियासाठीच होता बरं का. आता करण्यासारखं काही नाही म्हणून सान्तो दोमिंगोच्या इस्पितळाने तिला घरी पाठवलेलं. आणि या दोघी बहिणी तर आई गेल्यापासून बोलतच नव्हत्या. कशावरून, तर या ओव्हनवरून. आईचा ओव्हन धाकटीने उचलून नेला म्हणून थोरली चिडली ती चिडलीच. एकाच गल्लीत राहायच्या, पण समोरासमोर आल्या की एक जण कडेला वळायची. आणि काल अचानक थोरलीचा निरोप: त्याच ओव्हनमधला संत्र्याचा केक कर, लिंबाची साल किसून घाल, वर आईसारखं सुस्पिरो, अंड्याच्या पांढऱ्याचा तो गोड फेस, लाव, चांगलं जाड. नेरेइदा निरोप ऐकून उभ्या उभ्या रडली आणि लगेच संत्री आणायला गेली.

तर ती तशीच निघाली, हातातलं फडकंही न ठेवता. फेलाने दंड धरला.

"कुठे? ओव्हनपुढून उठून पावसात? पास्मो होईल. तोंड वाकडं झालं की मग बस हसत."

आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक. तापलेल्या अंगाने पाण्यात जायचं नाही, फ्रीजसुद्धा उघडायचा नाही. फेलाची नणंद इस्त्री करता करता उठून पावसात दोरीवरचे कपडे काढायला गेली, तिचा ओठ अजून कानाकडे ओढलेला आहे. नेरेइदा तो ओठ रोज बघायची. तिचा पाय उंबऱ्यावरच अडला.

"आईला सांग, येतेच. जरा गार होऊ दे," ती म्हणाली. युदेल्का पळाली.

मग फेलाने हिला शेगडीजवळ येऊच दिलं नाही. साखरेचा पाक स्वतः केला, बारीक धारेने ओतला, आणि हिने दाराशी उभं राहून अंड्याचं पांढरं फेटलं. असं फेटलं की टोकं उभी राहिली. पण फेटून फेटून परत घाम आला, म्हणून परत थांबली. केक निवला, त्याच्यावर सुस्पिरो चढलं, पाऊसही ओसरला. तेव्हा कुठे ती ताट घेऊन निघाली.

ओबदूलियाच्या अंगणात लोक घराघरातून खुर्च्या आणून मांडत होते. आत कुणीतरी आरशावर चादर टाकत होतं, मयताच्या घरी टाकतात तशी.

युदेल्का पुढे आली. रडून झालं होतं तिचं.

"आई विचारत होती, येतेय ना. मी म्हटलं, गार होऊ दे म्हणालीय. तर म्हणाली, बरोबर आहे तिचं. गरम केकवर सुस्पिरो टिकत नाही, वितळून जातं."

केक नव्हे गं, असं नेरेइदाच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

कुणीतरी खुर्ची पुढे केली. ती बसली, ताट मांडीवर घेऊन. लोक येत होते, वाकून तिच्या गालाला गाल लावत होते, पुढे जात होते. युदेल्काने ताट घ्यायला हात लावला.

"दे मावशी. अवघडशील."

"राहू दे," नेरेइदा म्हणाली. "जड नाही."