'फोर्टीन फेदर्स'ची एक जुनी प्रत

रसेल हिंगस्टनकडे एकाच रेकॉर्डच्या सत्तावन्न प्रती होत्या, आणि त्या सत्तावन्नही वेगवेगळ्या आहेत असं तो शपथेवर सांगायचा. बर्नी गावातल्या लोकांनी त्याला वेड्यात काढून विषय कधीच मिटवला होता. कागदाच्या गिरणीत तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस, दारूत नाही, घोड्यांवर नाही, मग असू दे एक खूळ, असं सगळे म्हणायचे. रेकॉर्ड टिन पॅरट्स या बँडची. मेलबर्नच्या या पाच जणांनी एके काळी धुमाकूळ घातला होता, आणि त्यांची गाजलेली चौदा गाणी एकत्र करून कंपनीनं 'फोर्टीन फेदर्स' काढली होती. चौदा गाणी, चौदा पिसं.

आता गाणी तीच असली तरी ती रेकॉर्ड सिडनीत निघाली, ऑकलंडला निघाली, जपानमध्ये निघाली, आणि दर ठिकाणचं प्रेसिंग, म्हणजे रेकॉर्डचा छाप, वेगळं. कुठल्या मिक्समध्ये गिटार पुढे, कुठल्यात मागे, कुठे शेवटचा कोरस दहा सेकंद आधीच विरतो. लेबलाच्या कडेला जी कोरी पट्टी असते, तिच्यावर कारखान्यात खरवडलेला बारीक नंबर असतो. तो भिंगातून वाचत रसेल तासन्‌तास बसायचा. एवढ्या पसाऱ्याला जागा हवी म्हणून त्यानं बायकोची, ग्लेनिसची, शिवणाची खोली घेतली. तिचं शिलाई मशीन धुण्याच्या खोलीत गेलं, वॉशिंग मशीनशेजारी. ग्लेनिस तेव्हा एवढंच म्हणाली होती, "दोन्ही मशीनंच आहेत, जमेल त्यांचं."

ती ग्लेनिस आता बोलत नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती शेजारणीच्या नावाशी अडखळायला लागली, मग स्वतःच्या मुलीच्या, आणि गेल्या मार्चपासून शब्दच संपले. रसेल तिला आंघोळ घालायचा, केस विंचरायचा, मटण बारीक करून भरवायचा. मग एकदा दोघंही न्हाणीघरात पडले आणि पाऊण तास ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले. त्यानंतर मुलीनं, करिनानं, टेकडीवरच्या शुश्रूषागृहात खोली मिळवली. गुरुवारी न्यायचं ठरलं. रसेलनं सही केली.

एक गोष्ट तेवढी शिल्लक होती. 'फोर्टीन फेदर्स' लावली की ग्लेनिस गायची. सगळी गाणी नाही, चौथं. धक्क्यावर वाट बघणाऱ्या माणसाचं गाणं आहे ते. 'धक्क्यावर थांब, मी येतेय' एवढं ती रेकॉर्डबरोबर सुरेख म्हणायची. पुढे रेकॉर्ड म्हणायची 'ओला कोट काढून ठेव', आणि ग्लेनिस तोवर त्याच्या पुढच्या ओळीवर, 'दिवा लाव, दार उघड'वर पोचलेली असायची. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले की ती बावरायची. हात थरथरायला लागायचे, ती भिंतीकडे तोंड करायची, आणि मग तो अख्खा दिवस हातचा जायचा.

दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, बिचारी विसरते. रसेल तसं म्हणेना. विसरणारं माणूस दर वेळी नेमकी तीच ओळ, नेमक्या त्याच जागी कशी विसरेल? रेडिओसाठी गाणी छाटायची पद्धत होतीच. ही ओळ छाटलेलं मिक्स कुठेतरी असणार, आणि तिनं ते कुठेतरी ऐकलेलं असणार. ते सापडलं की ती पुरं गाणं म्हणेल, आणि तो तिच्या शेजारी बसून म्हणेल. गुरुवारच्या आधी एकदा. याहून जास्त त्याला काहीही नको होतं.

त्यानं लॉन्सेस्टनला डेसला फोन लावला. डेस म्हणजे याच्यासारखाच दुसरा रेकॉर्डवेडा.

"चौथ्या गाण्यातली ओळ छाटलेलं मिक्स. कुठल्या प्रेसिंगवर आहे?"

"असलं काही नाहीये, रस."

"आहे. ग्लेनिसला पाठ आहे."

"अरे, सत्तावन्न प्रतींवर बसलायस तू! तुझ्याकडे नाही ते आणखी कुणाकडे असणार?"

तरी सोमवारी डेस पावणेदोन तास गाडी हाकत आला, फिलिपीन्सची प्रत मांडीवर जपत. तिच्यातही ओला कोट होताच. ग्लेनिसनं भिंतीकडे तोंड केलं. डेसनं चहा अर्धाच प्यायला आणि जाताना दारात रसेलचा खांदा जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मंगळवारी करिना आली. शुश्रूषागृहाचा नियम असा, की प्रत्येक कपड्याला नावाची पट्टी हवी. ती जेवणाच्या टेबलाशी आईच्या स्वेटरांना पट्ट्या टाचत बसली होती, आणि टाचता टाचता गुणगुणत होती. रसेल किटली भरत होता. त्यानं नळ बंद केला.

"काय म्हणालीस?"

"कुठे काय?"

"आत्ता. गाणं. परत म्हण."

"बाबा, काय हे..." तरी तिनं म्हटलं. धक्क्यावर थांब, मी येतेय, दिवा लाव, दार उघड.

"ओला कोट कुठे गेला?"

करिना हसली. "तो मला शाळेत कळला! मी असंच म्हटलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. आपली रेकॉर्ड तिथे उडी मारायची ना. आईची. मी तिच्यावर बाहुलीला स्केटिंग शिकवलं होतं."

"आणि आई ओरडली नाही?"

"छे! म्हणाली, आता हे गाणं असं फक्त आपल्याच घरात." करिनानं दोरा दातानं तोडला. "तुम्ही सारखे पाळीवर. आम्ही दोघीच म्हणायचो. कुठे गेली हो ती?"

रसेलला माहीत होतं कुठे गेली. ग्लेनिसनं लग्नाआधी बेकरीतल्या पहिल्या पगारातून घेतलेली प्रत होती ती, लेबलवर बॉलपेननं स्वतःचं नाव लिहिलेली. पुढे त्याला एका जत्रेत तेच प्रेसिंग कोरं करकरीत मिळालं. नवी आली की खराब झालेली काढायची, हा रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा धर्मच. त्यानं तिची प्रत चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकली आणि तिला सांगितलं, तीच आहे गं, उलट आणखी चांगली. तिनं काही विचारलं नव्हतं. जगभरातून सत्तावन्न मागवणाऱ्या या शहाण्यानं घरातली एकच घालवली होती, आणि ग्लेनिस नेमकी तीच गात होती. रसेल न्हाणीघरात गेला, कडी लावली आणि टॉवेल तोंडात धरून रडला.

बुधवारी सकाळी त्यानं रफू करायची सुई घेतली. ज्या रेकॉर्डवर कुणी श्वास सोडलेला त्याला खपत नसे, तिच्यावर त्यानं स्वतःच्या हातानं चौथ्या गाण्यात, ओल्या कोटाच्या ओळीवर चरा ओढला. पहिल्या प्रतीत रेकॉर्डप्लेअरची सुई एकाच जागी अडकली. दुसरीनं दोन ओळी गिळल्या. तिसरीला काहीच झालं नाही. जपानची गेली, ऑकलंडच्या दोन्ही गेल्या. डेसनं पाहिलं असतं तर त्यानं पोलीसच बोलावले असते. अकराव्या प्रतीवर सुई टक्‌ करून उडाली आणि बरोबर 'दिवा लाव'वर उतरली. रसेलनं पुन्हा लावून पाहिली. पुन्हा दिव्यावर.

जेवणानंतर त्यानं ग्लेनिसची खुर्ची खिडकीशी ओढली, शेजारी स्वतः बसला आणि रेकॉर्ड लावली. धक्क्यावर थांब, मी येतेय. टक्‌. दिवा लाव, दार उघड. ग्लेनिसचे हात थरथरले नाहीत. ती पुढे गेली, दुसरं कडवं, कोरस, मग शेवटचं, आणि रसेल तिच्याबरोबर गायला, बेसूर, नाक ओढत. एवढं सुख त्याला गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

गाणं संपलं. ग्लेनिसनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि मार्चनंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून गाण्याबाहेरचे शब्द निघाले.

"आमच्याकडे होती अशी."

"हो गं," रसेल घाईघाईनं म्हणाला. "तुझीच..."

"रसेलनं टाकून दिली."

रसेलनं रेकॉर्डवरची सुई उचलून बाजूला ठेवली. मग त्यानं विचारलं, "का टाकली?"

"खराब झाली होती ना." ती नवऱ्याची बाजू घेत, समजुतीनं म्हणाली. "त्याला खराब झालेलं चालत नाही."

मग ती जरा पुढे वाकली, त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि एखाद्या भल्या परक्या माणसाला सांगावं तसं हळूच म्हणाली, "तुम्ही नका हं टाकू."

"नाही टाकत," रसेल म्हणाला.

गुरुवारी साडेदहाला करिना गाडी घेऊन आली, आणि रसेलनंच ग्लेनिसला हात धरून पायऱ्या उतरवल्या.