झोपायच्या आधीची आंघोळ

“तू गाई-म्हशी बघ छोटे. इंजिन माझं मी बघतो.”

“तुझं कसलं? माझ्या गाडीचं आहे ते. आणि त्याच्या आत पाणी गेलंय, दादा.”

“थेंब नाही आत. पिशवीत घालून चिकटपट्टी मारली की वर्षानुवर्षं बघायला नको.”

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललंय. मी एक जुनं मोटरसायकलचं इंजिन. टेबलावर पडलोय आणि मला कुणी विचारत नाहीये. डोकंच फिरतं अशा वेळी. दादा गॅरेजवाला, छोटी त्याची बहीण, गुरांची डॉक्टर.

कारखान्यात जन्मलो तेव्हा रांगेत सगळे माझ्याच तोंडवळ्याचे. मग छोटीच्या गाडीत बसलो. चिखल, चढ, खड्डे, सगळीकडे तिला पळवलं. एखादं वासरू वाचलं की ती टाकीवर थाप मारायची. टाकीवर! पळालो मी, कौतुक टाकीचं. असो.

पुढे मी धूर सोडायला लागलो. दादानं गाडीत दुसरं इंजिन बसवलं आणि मला दुरुस्त करून जादा म्हणून ठेवायचं ठरवलं. माझ्यासारखी इंजिनं आता बनत नाहीत. म्हणजे मी आतून गंजलो आणि उद्या ते दुसरं बंद पडलं, तर छोटीची गाडी कायमची भिंतीला.

आणि या दादाला स्वच्छतेचं वेड. चहाचा कपही दोनदा विसळणारा माणूस. त्यानं मला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतलं. सायलेन्सर जोडायच्या भोकात चिंधी कोंबली होती, ती भिजली आणि पाणी थेट आत. ओरडावंसं वाटत होतं, पण पेट्रोलशिवाय मला कुठलं तोंड?

छोटीनं चिंधी उपसली आणि किक हातानं दाबली. भोकातून पिचकारी उडाली ती दादाच्या इस्त्रीच्या शर्टावर.

“घाम असेल त्याचा,” दादा म्हणाला.

“तुझ्या हाती सापडलं की कुणालाही फुटेल.”

मग वहिनीचा केस वाळवायचा ड्रायर आला. मागोमाग वहिनीही आली. “माझ्या केसांना कधी धरला नाहीत एवढा वेळ,” म्हणाली. दादा खाली मान घालून मला वाळवत राहिला. काय ऊब होती, सांगतो.

जुनं ऑइल काढून नवं भरलं. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल आत सोडलं, आणि ते सगळीकडे लागावं म्हणून किक हळूहळू फिरवली. मग प्लग लावला, बाकीच्या भोकांत तेलकट चिंध्या. प्रत्येकीचं शेपूट छोटीनं बाहेर लोंबतं ठेवलं, नाहीतर पुढे इंजिन गाडीत बसवणारा चिंधी आतच विसरतो.

मित्रांनो, ठेवणीतली वस्तू नुसती चकाचक करून भागत नाही. तिला आतून कोरडी ठेवा, आणि अधूनमधून हलवून बघा. पडून पडून आम्ही आखडतो.

“अधूनमधून किक कोण फिरवणार?” छोटीनं विचारलं.

“मी.”

“मला नको सांगूस. त्याला सांग.”

दादा इकडेतिकडे बघून माझ्यावर वाकला आणि हळूच म्हणाला, “फिरवीन रे.”

मी यावर चांगलं सुनावणार होतो, पण मला खोक्यात ठेवलं आणि वरून झाकण आलं. निघतो.